रॉक अल्बमच्या मुखपृष्ठावरील बायबलची प्रतीके कशी तपासावीत

रॉक संगीताच्या मुखपृष्ठांविषयी लिहिताना एक चूक वारंवार होते. शिंगे, पंख, साप किंवा क्रूस दिसला की लिहिणारा आधी अर्थ ठरवून मोकळा होतो आणि मग त्या अर्थाला शोभेल असे वचन बायबलात धुंडाळू लागतो. बायबल हा ग्रंथ इतका विस्तृत आहे की अशा रीतीने शोधणाऱ्याला कोणत्याही चित्रासाठी काही ना काही सापडतेच, आणि सापडले म्हणजे सिद्ध झाले असा त्याचा समज होतो. पुढे दिलेल्या पद्धतीत हेच काम उलट क्रमाने करायचे आहे. आधी चित्र पाहायचे, मग त्यावरील अक्षरे व आकडे, मग मूळ वचन, मग वचनापासून चित्रापर्यंतचा मार्ग, आणि अर्थ सर्वांत शेवटी. हा क्रम मोडला की पुढची कोणतीही पायरी भरवशाची राहत नाही.

पद्धत नीट कळावी म्हणून आयर्न मेडन या बँडचा १९८२ सालचा ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ हा अल्बम आपण अधूनमधून हाताशी ठेवू. वरवर पाहता बायबलशी याच्याइतके उघड नाते सांगणारा अल्बम क्वचितच सापडेल, आणि नेमक्या त्याच कारणाने तो नवख्यांना फसवतो.

## पूर्वतयारी

बायबलची किमान दोन भाषांतरे जवळ असू द्या, एक मराठी आणि एक इंग्रजी. इंग्रजी लागते, कारण बहुतेक रॉक बँड आणि चित्रकार त्याच शब्दांवर खेळत असतात. मराठी लागते, कारण आपण वाचतो ते खरोखर समजले की नाही हे आपल्याच भाषेत लवकर कळते. मात्र दोन्हींत पुस्तकांची नावे वेगळी असल्याने घोळ होतो. जेनेसिस म्हणजे उत्पत्ती, एक्सोडस म्हणजे निर्गम, साम्स म्हणजे स्तोत्रसंहिता, जोब म्हणजे ईयोब, आयझाया म्हणजे यशया, जेरमाया म्हणजे यिर्मया, इझीकिएल म्हणजे यहेज्केल, जॉन म्हणजे योहान, जेम्स म्हणजे याकोब आणि रेव्हेलेशन म्हणजे प्रकटीकरण. ही यादी एका कागदावर लिहून समोर ठेवा.

आणखी दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. प्रॉटेस्टंट बायबलात ६६ पुस्तके असतात आणि कॅथलिक बायबलात ७३, त्यामुळे एखादे दृश्य “बायबलात नाही” असे लिहिण्यापूर्वी कोणत्या बायबलात नाही हे पाहावे लागते. स्तोत्रांचे क्रमांकही सर्वत्र सारखे नाहीत. जुन्या ग्रीक आणि लॅटिन परंपरेतील बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक हिब्रू परंपरेपेक्षा एकाने मागे असतो, म्हणून क्रमांकावरून स्तोत्र गाठल्यावर मजकूर जुळत नसेल तर शेजारचे स्तोत्रही वाचून पाहावे.

शेवटी एक वही घ्या आणि पानावर तीन रकाने आखा: ‘काय दिसते’, ‘कोणते वचन’ आणि ‘मार्ग कोणता’. तिसरा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत, आणि सगळी गडबड तिथेच होते.

## पायरी १ : योग्य प्रत मिळवा

मोबाइलच्या पडद्यावरचे अंगठ्याएवढे चित्र हा पुरावा नव्हे. एलपीचे, म्हणजे जुन्या मोठ्या तबकडीचे, मुखपृष्ठ म्हणजे सुमारे एक फूट लांबी-रुंदीचा चौरस असतो आणि चित्रकाराने तपशील त्या आकारासाठी रंगवलेले असतात. मूळ प्रत हाती येणे शक्य नसेल तर मोठ्या आकाराचे स्कॅन शोधा, आणि ते फक्त पुढच्या बाजूचे असून चालणार नाही. मागची बाजू, उघडणाऱ्या दुहेरी आवरणाचा आतला भाग, तबकडीचे आतले पाकीट आणि तबकडीवरचे गोल लेबल हे सारे एकत्र पाहायचे असते.

याची गरज उदाहरणांवरून लगेच पटते. ब्लॅक सॅबथच्या १९७० सालच्या पहिल्या अल्बमच्या पुढच्या बाजूला एका जुन्या पाणचक्कीसमोर काळ्या वस्त्रातली स्त्री उभी आहे, बायबलचे म्हणावे असे तिथे काहीच नाही. उलटा क्रूस आहे तो आवरण उघडल्यावर आत. याच बँडच्या १९७३ सालच्या ‘सॅबथ ब्लडी सॅबथ’ची चित्रे ड्र्यू स्ट्रुझन यांची आहेत. पुढे पलंगावर मरणाऱ्या माणसावर राक्षसी आकृत्या तुटून पडल्या आहेत आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीवर ६६६ हा आकडा आहे, तर मागच्या बाजूला शांत मरणाचे दृश्य आहे. ही जोडी आहे. फक्त पुढची बाजू पाहून लिहिणारा अर्ध्या वाक्याचा अर्थ लावत असतो.

आवृत्त्यांकडेही लक्ष हवे. बॉब डिलन यांच्या १९८० सालच्या ‘सेव्ह्ड’ अल्बमवर वरून खाली येणारा एक मोठा हात आणि त्याच्याकडे उंचावलेले अनेक हात होते. पुढच्या आवृत्त्यांत ते चित्र काढून मंचावरील गायकाचे चित्र घातले गेले. स्ट्रायपर या ख्रिस्ती बँडच्या १९८६ सालच्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’वर देवदूत सैतानाला खाली लोटत असल्याचे चित्र होते, त्याच्या जागी पुढे साधे काळे आवरण आले. ज्याच्या हाती दुसरी आवृत्ती पडली, त्याला प्रतीक दिसणारच नाही.

सावधान: छपाईतली चूकही प्रतीक म्हणून वाचली जाते. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’च्या १९८२ सालच्या छापील आवरणावरचे आकाश निळे आहे. ते काळे असायला हवे होते, छपाईच्या कामात चूक झाली आणि १९९८ सालच्या आवृत्तीत ती दुरुस्त करण्यात आली. त्या निळ्या आकाशावर मी स्वतः एकेकाळी दोन पाने लिहिली होती. ती फाडून टाकण्याखेरीज त्यांचा काही उपयोग झाला नाही.

## पायरी २ : अर्थ न लावता वर्णन लिहा

आता पहिला रकाना भरायचा. नियम एकच आहे, नाव न देता वस्तू लिहायची. “देवदूत” असे लिहू नका, “पाठीला पंख असलेली मानवी आकृती” असे लिहा. “सैतान” ऐवजी “शिंगे आणि शेपटी असलेली आकृती” लिहा. “एदेन बाग” ऐवजी “झाड, साप, दोन नग्न माणसे” एवढेच लिहा. हे पोरकट वाटेल, पण नाव दिले की डोळा पाहणे थांबवतो. निर्वाणा या बँडच्या १९९३ सालच्या ‘इन यूटेरो’वर शरीरशास्त्र शिकवताना वापरतात तशी आतली इंद्रिये दाखवणारी पारदर्शक स्त्री-आकृती आहे आणि तिला पंख जोडलेले आहेत. रकान्यात “देवदूत” एवढाच शब्द पडला, तर त्या चित्रातला महत्त्वाचा अर्धा भाग, म्हणजे दिसणारी इंद्रिये, नोंदीतून नाहीसा होतो.

वस्तूंची संख्या मोजा. किती घोडे, किती डोकी, किती पंख, हातात काय, कोण कोणाच्या वर आणि कोण खाली. बायबलातील दृश्ये आकड्यांवरून आणि हातातल्या वस्तूंवरून ओळखू येतात, चेहऱ्यावरच्या भावावरून नव्हे.

आपल्या हाताशी असलेल्या उदाहरणाची नोंद अशी होईल: आगीच्या पार्श्वभूमीवर कवटीसारख्या चेहऱ्याची प्रचंड आकृती, तिच्या हातातील दोऱ्यांना शिंगे असलेली छोटी आकृती लटकते आहे, आणि त्या छोट्या आकृतीच्या हातातील दोऱ्यांना तिच्याहूनही लहान बाहुली आहे.

तपासणी: ही नोंद चित्र न पाहिलेल्या माणसाला वाचून दाखवा. तो ऐकताच “म्हणजे बायबलातले अमुक ना?” असे म्हणाला, तर तुमच्या वर्णनात अर्थ शिरला आहे का ते पुन्हा पाहा.

## पायरी ३ : अक्षरे आणि आकडे वेगळे काढा

चित्रापेक्षा अक्षरे जास्त बोलतात, म्हणून त्यांची नोंद स्वतंत्र करा. अल्बमचे नाव, बँडचे नाव, आतल्या पाकिटावरचा मजकूर, चित्रातल्या पाट्या, भिंतीवरचे लेखन, कपड्यांवरचे आकडे, काहीही सोडू नका. डिलन यांच्या ‘सेव्ह्ड’च्या आतल्या पाकिटावर यिर्मया ३१:३१ (अध्याय ३१, वचन ३१) हे नव्या कराराविषयीचे वचन छापलेले होते, आणि स्ट्रायपरच्या बोधचिन्हासोबत यशया ५३:५ हा संदर्भ येतो. असा मजकूर असेल तर काम सोपे होते. जेथ्रो टलच्या १९७१ सालच्या ‘अ‍ॅक्वालंग’च्या आवरणावर उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाच्या धर्तीचा पण उलटा फिरवलेला मजकूर आहे, त्यात माणूस देवाला निर्माण करतो. उत्पत्ती १:१ आणि १:२७ शेजारी ठेवून वाचल्यावर विडंबन कुठे आणि कसे केले आहे ते शब्दाशब्दाला दिसते. अल्बमवरच्या रंगवलेल्या फाटक्या माणसाकडे पाहून मात्र ते कधीच कळले नसते.

संदर्भ लपवलेला असेल तर नकार देत देत पुढे जाण्याची रीत वापरावी. यू-टूच्या २००० सालच्या ‘ऑल दॅट यू कान्ट लीव्ह बिहाइंड’चे छायाचित्र पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर अँटन कोर्बाइन यांनी घेतले. त्यात मागे एक फलक दिसतो आणि त्यावर ‘जे ३३-३’ असे आहे. विमानतळावरच्या मूळ फलकावर ‘एफ २१-३६’ होते, म्हणजे ते मुद्दाम बदलले गेले. आता इंग्रजीत जे अक्षराने सुरू होणारी पुस्तके घ्या: यहोशवा, शास्ते, ईयोब, यिर्मया, योएल, योना, योहान, याकोब, यहूदा. यांपैकी तेहतिसावा अध्याय असणारी पुस्तके किती? यहोशवाचे अध्याय २४, शास्तेचे २१, योहानाचे २१, बाकीची तर फारच छोटी. उरतात फक्त दोन, ईयोब आणि यिर्मया. ईयोब ३३:३ मध्ये बोलणारा आपले शब्द सरळ अंतःकरणातून येत असल्याचे सांगतो. यिर्मया ३३:३ मध्ये देव म्हणतो की मला हाक मार, म्हणजे मी उत्तर देईन. प्रवासाला निघालेल्या माणसांच्या चित्रात दुसरे वचन अधिक शोभते, पण शोभते हे कारण पुरेसे नाही. बँडचे गायक बोनो यांनी स्वतः तो यिर्मयाचा संदर्भ असल्याचे सांगितले आहे, म्हणून ही नोंद पक्की होते.

६६६ दिसला की प्रकटीकरण १३:१८ पर्यंत जाणे सोपे असते. तिथे हा आकडा श्वापदाचा, म्हणजे इंग्रजीतल्या ‘बीस्ट’चा, आहे, आणि काही प्राचीन हस्तलिखितांत त्याच जागी ६१६ आढळतो. इतर आकड्यांबाबत मात्र हात आखडता घ्यावा. सात, बारा आणि चाळीस हे आकडे बायबलात ठायी ठायी येतात, पण सात तारे, बारा खिडक्या वा चाळीस पायऱ्या मोजून काहीही सिद्ध होत नाही.

सावधान: नाव म्हणजे प्रतीक नव्हे. नाझरेथ या स्कॉटिश बँडचे नाव एका गाण्यातून आले आणि त्या गाण्यातले नाझरेथ हे पेन्सिल्व्हेनियातील गाव आहे. जेनेसिस या बँडच्या १९६९ सालच्या ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हेलेशन’वर काळ्या पृष्ठभागावर सोनेरी अक्षरांत फक्त अल्बमचे नाव होते, तेव्हा काही दुकानांनी तो धार्मिक संगीताच्या कप्प्यात लावून टाकला. दुकानदारांना हसण्याआधी आपणही मुखपृष्ठे याच रीतीने वाचत नाही ना, हे पाहिलेले बरे.

## पायरी ४ : वचन उघडून वाचा

सर्वाधिक वेळ इथे द्यायचा आहे. चित्रातली वस्तू ज्या वचनात असल्याचे तुम्हाला वाटते, ते आठवणीतून लिहू नका. पुस्तक उघडा, ते वचन वाचा, त्याच्या आधीची आणि नंतरची किमान दहा वचने वाचा, आणि पहिल्या रकान्यातील प्रत्येक वस्तूसमोर ‘मजकुरात आहे’ किंवा ‘मजकुरात नाही’ असे लिहा. आपल्याला बायबलातले म्हणून जे ठाऊक असते त्यातले पुष्कळसे बायबलात नसते, हे या पायरीवर कळते. मुखपृष्ठांवर नेहमी दिसणाऱ्या काही गोष्टी इथेच तपासून घेऊ.

निषिद्ध फळ सफरचंद असल्याचे उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात कुठेही म्हटलेले नाही, तिथे नुसते फळ आहे. त्या अध्यायातला साप सैतान असल्याचेही तिथे सांगितलेले नाही. ‘तो जुना साप’ आणि सैतान यांची सांगड प्रकटीकरण १२:९ मध्ये येते. म्हणजे झाडाला वेटोळे घातलेल्या सापाला कुणी सैतानाचा चेहरा दिला असेल, तर चित्रकाराने उत्पत्तीचे दृश्य प्रकटीकरणाच्या आणि नंतरच्या परंपरेच्या चष्म्यातून पाहिले आहे, अशी नोंद करावी लागते.

पंखांचेही तसेच. बायबलातले देवदूत अनेकदा साध्या पुरुषांसारखे येतात, त्यांना पाहणाऱ्यांना ते वाटसरू वाटतात. पंखांचे सविस्तर वर्णन आहे ते सराफीम नावाच्या स्वर्गीय जीवांचे, यशया ६:२ मध्ये, आणि त्यांना सहा पंख आहेत. यहेज्केलाच्या पहिल्या अध्यायातील प्राण्यांना चार पंख आणि चार चेहरे आहेत, आणि दहाव्या अध्यायात त्यांनाच करुब म्हटले आहे. गुबगुबीत गालांचे सपंख बाळ या मजकुरांतून निघत नाही. दोन पंखांची सुंदर मानवी आकृती दिसली तर ती चित्रकलेच्या परंपरेतून आलेली आहे असे धरून चालावे.

चार घोडेस्वारांबाबत गोंधळ अधिक मोठा आहे. प्रकटीकरणाच्या सहाव्या अध्यायात पांढऱ्या घोड्यावरील स्वाराकडे धनुष्य आहे आणि त्याला मुकुट मिळतो, लाल घोड्याच्या स्वाराला मोठी तलवार मिळते, काळ्या घोड्यावरील स्वाराच्या हाती तराजू आहे, आणि फिकट घोड्यावरच्या स्वाराचे नाव मृत्यू असून त्याच्यामागून अधोलोक चालतो. चौघांपैकी नाव फक्त शेवटच्याला आहे. त्याच्या हातात विळा किंवा कोयता असल्याचे तिथे म्हटलेले नाही, विळा येतो तो चौदाव्या अध्यायात आणि तोही कापणीच्या दृश्यात, वेगळ्याच हातांत. घोड्यावरचा सांगाडा आणि त्याच्या खांद्यावर लांब दांड्याचा विळा हे चित्र मुखपृष्ठांवर इतके रूढ आहे की लोक डोळे मिटून प्रकटीकरण ६:८ लिहितात. घोड्यापुरते ते बरोबर असेल, विळ्यापुरते नाही.

पडणाऱ्या देवदूताचे प्रकरण तर आणखी गुंतागुंतीचे आहे. ज्युडास प्रीस्टच्या १९७६ सालच्या ‘सॅड विंग्ज ऑफ डेस्टिनी’वर पॅट्रिक वुडरॉफ यांनी ज्वाळांमध्ये सापडलेली सपंख आकृती रंगवली आहे. तिच्यासाठी सगळे जण यशया १४:१२ काढतात. त्या अध्यायाचे चौथे वचन वाचले की कळते, हे सारे बाबेलच्या राजाला उद्देशून म्हटलेले उपहासगीत आहे. तिथला ‘ल्युसिफर’ हा लॅटिन भाषांतरातला पहाटताऱ्याचा शब्द आहे, आणि प्रकटीकरण २२:१६ मध्ये तर येशू स्वतःला पहाटेचा तेजस्वी तारा म्हणवतो. सैतान आकाशातून विजेसारखा पडल्याचे वाक्य लूक १०:१८ मध्ये आहे, आणि युद्ध होऊन तो खाली टाकला गेल्याचे वर्णन प्रकटीकरण १२ मध्ये. तिन्ही वचने उघडून पाहा, तुमच्या चित्रातल्या वस्तूंशी कोणते किती जुळते ते मोजा, आणि एकही पूर्ण जुळत नसेल तर तसे लिहा.

उलट्या क्रूसाबाबत सरळ सांगायचे तर तो बायबलात नाही. येशूचा शिष्य पेत्र याला उलटे क्रूसावर चढवल्याची कथा बायबलाबाहेरच्या ‘पेत्राची कृत्ये’ या प्राचीन ग्रंथातली आहे, आणि पेत्राचे चिन्ह म्हणून ख्रिस्ती परंपरेने तो क्रूस आदराने वापरला आहे. रॉकच्या आवरणावर तो बहुधा विरोधाचे चिन्ह म्हणून येतो, पण “बायबलातले सैतानी चिन्ह” असे त्याला म्हणणे दोन्ही अंगांनी चूक आहे. बोकडाचे डोके असलेल्या आकृतीलाही हेच लागू पडते. लेवीय १६ मधला बोकड लोकांची पापे घेऊन रानात जातो आणि मत्तय २५ मध्ये शेरडे डाव्या हाताला उभी केली जातात, पण बोकडमुखी सिंहासनस्थ राक्षस यांपैकी कुठेच नाही. त्या रूपाला आजचा चेहरा दिला तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एलिफास लेव्ही या फ्रेंच गूढवाद्याच्या रेखाटनाने.

आता आपले उदाहरण. प्रकटीकरण १३ मधले पहिले श्वापद समुद्रातून वर येते, त्याला सात डोकी आणि दहा शिंगे आहेत, अंग चित्त्याचे, पाय अस्वलाचे आणि तोंड सिंहाचे. दुसरे श्वापद भूमीतून येते आणि त्याला कोकरासारखी दोन शिंगे आहेत. मुखपृष्ठावर यांपैकी एकही नाही. ज्या श्वापदाच्या आकड्यावरून अल्बमला नाव मिळाले, ते श्वापद चित्रात मुळी नाहीच, हे पाहिल्यावर पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो: मग हे चित्र आले कुठून?

तपासणी: दुसऱ्या रकान्यात वचन लिहिले असेल, तर ते आज, याच बैठकीत उघडून वाचलेले आहे का? नसेल तर ते खोडा.

## पायरी ५ : मधला मार्ग शोधा

वचनापासून रॉकच्या मुखपृष्ठापर्यंत सरळ उडी फार कमी वेळा पडते. मध्ये कुणीतरी चित्रकार, खोदकाम करणारा किंवा कवी उभा असतो, आणि मुखपृष्ठ बायबलाकडे नव्हे तर त्याच्याकडे पाहत असते. तिसरा रकाना यासाठी आहे.

कधी जुने चित्र जसेच्या तसे उचललेले असते. डीप पर्पलच्या १९६९ सालच्या अल्बमवर हिएरोनिमस बॉश यांच्या ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’चा भाग आहे. मूळ चित्र तीन फळ्यांचे असून माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. त्याच्या डाव्या फळीत आदाम आणि हव्वा आहेत, उजव्या फळीत नरक. म्हणून बॉश म्हणताच उत्पत्ती असे लिहिण्याआधी कोणती फळी वापरली ते पाहावे. वाद्यांवर माणसांचा छळ चाललेला तो नरक बॉश यांच्या कल्पनेतला आहे, त्याला अध्याय-वचन देता येत नाही. एम्परर या बँडच्या १९९३ सालच्या ईपीवर, म्हणजे अल्बमहून छोट्या तबकडीवर, ग्युस्ताव्ह डोरे यांचा फिकट घोड्यावरचा मृत्यू आहे. डोरे यांनी प्रकटीकरणासाठीच काढलेले चित्र असल्यामुळे मार्ग आखूड आहे, पण विळा कुठून आला याचे उत्तरही तिथेच मिळते. कँडलमासच्या १९८७ सालच्या ‘नाइटफॉल’वरील होडी, म्हातारा आणि देवदूत हे दृश्य थॉमस कोल यांच्या १८४२ सालच्या चित्रमालेतले आहे. ते माणसाच्या आयुष्याचे ख्रिस्ती रूपक आहे, पण बायबलातील प्रसंग नाही. अशा वेळी ‘ख्रिस्ती’ आणि ‘बायबलातील’ हे दोन शब्द वेगळे ठेवावेत.

कधी चित्र उचललेले नसते, नुसती मांडणी घेतलेली असते. दोन बोटे एकमेकांकडे झेपावताना दिसली की मायकेलअँजेलो यांनी रंगवलेल्या, व्हॅटिकनमधील सिस्टाइन चॅपेलच्या छतावरच्या आदामाची आठवण येणे रास्त आहे. परंतु उत्पत्ती २:७ मध्ये देव मातीच्या माणसाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो, बोटे तिथे नाहीत. असे मुखपृष्ठ छताकडे बोट दाखवते, वचनाकडे नव्हे.

आणि कधी मार्ग अगदी अनपेक्षित ठिकाणाहून जातो. ‘द नंबर ऑफ द बीस्ट’चे चित्रकार डेरेक रिग्ज यांनी दोऱ्यांनी नाचवल्या जाणाऱ्या बाहुल्यांची कल्पना लहानपणी वाचलेल्या डॉक्टर स्ट्रेंज या जादूगार नायकाच्या चित्रकथेतून घेतल्याचे सांगितले आहे. बायबलाचा शोध घेता घेता आपण कॉमिकपाशी पोहोचलो. निराश होण्याचे कारण नाही, हीच नोंद खरी आहे.

## पायरी ६ : दुसरा अर्थ आधी हरवा

प्रत्येक वस्तूला बायबलाखेरीज आणखी कोणता अर्थ शक्य आहे, ते मुद्दाम लिहा. मेटॅलिकाच्या १९८६ सालच्या ‘मास्टर ऑफ पपेट्स’वर पांढऱ्या क्रूसांच्या रांगा आहेत, पण एका क्रूसावर शिरस्त्राण आहे आणि दुसऱ्यावर सैनिकाची ओळखपट्टी लटकते. तो सैनिकांच्या दफनभूमीतला क्रूस आहे, वधस्तंभ नव्हे. ब्लू ऑयस्टर कल्ट या बँडच्या हुकासारख्या क्रूसाचे मूळ ग्रीक क्रोनोस, म्हणजेच शनी, याच्या चिन्हात आहे. लेड झेपलिनच्या स्वान साँग या कंपनीच्या लेबलवरील सपंख पुरुषाला कुणी ल्युसिफर म्हणतो, कुणी ग्रीक कथेतला पंख लावून उडणारा इकारस. त्याचा आधार विल्यम रिमर यांचे १८६९-७० सालचे एक रेखाटन आहे, आणि त्या रेखाटनाच्या नावात संध्याकाळ व दिवसाचा अस्त आहे. पिंक फ्लॉइडच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’वरच्या लोलकातून निघणारे रंग म्हणजे उत्पत्ती ९ मधले इंद्रधनुष्य नव्हे, कारण तिथे ना पूर आहे, ना ढग, ना नोहाचे तारू.

या शेवटच्या उदाहरणात एक सोपी कसोटी दडलेली आहे. एकटी वस्तू काही सिद्ध करत नाही, तिला त्याच अध्यायातली सोबत हवी. साप आणि झाड, कोकरा आणि सात शिक्के, तराजू आणि काळा घोडा, अशी किमान एक जोडी मिळाल्याशिवाय दुसरा रकाना भरू नये. अपवाद एकच, वचनाचा क्रमांक किंवा शब्द तिथे छापलेले असणे.

## पायरी ७ : तारीख आणि काम कोणी दिले ते पाहा

चित्र गाण्यांसाठी काढले होते का, हा प्रश्न विचारायला लोक विसरतात. रिग्ज यांचे ते चित्र मुळात आयर्न मेडनच्याच १९८१ सालच्या ‘पर्गेटरी’ या सिंगलसाठी, म्हणजे एका-दोन गाण्यांच्या तबकडीसाठी, होते. ते फार चांगले झाल्याने राखून ठेवले गेले आणि पुढच्या वर्षी अल्बमवर आले. म्हणजे चित्र आधीचे आणि श्वापदाचे नाव नंतरचे, तेव्हा त्या नावावरून चित्राचा अर्थ लावता येत नाही. ब्लॅक सॅबथच्या १९८० सालच्या ‘हेवन अँड हेल’वरील सिगारेट ओढणारे देवदूतही लिन कर्ली यांच्या चित्रातले आहेत, आणि त्यामागे देवदूतांच्या वेशातल्या स्त्रिया धूम्रपान करत असतानाचे १९२८ सालचे छायाचित्र आहे.

बँडची श्रद्धाही इथे मध्ये आणू नये. आत छापलेल्या उलट्या क्रूसाची ब्लॅक सॅबथच्या सदस्यांना आधी कल्पना नव्हती, असे त्यांनी सांगितले आहे. मुखपृष्ठ अनेकदा कंपनी आणि चित्रकार यांच्यात ठरते. उलटपक्षी मेटॅलिकाच्या १९८४ सालच्या ‘राइड द लाइटनिंग’मध्ये निर्गमातील पीडांवरचे गाणे आहे, पण आवरणावर विजेची खुर्ची आहे. गाण्यातले बायबल चित्रात ओढून आणू नये.

## पायरी ८ : नोंद दर्जासह लिहा

आता कुठे अर्थ लिहायचा. प्रत्येक नोंदीला पुढील चारपैकी एक दर्जा द्या: ‘थेट’, म्हणजे वचन छापलेले किंवा चित्रकाराने सांगितलेले, ‘परंपरेमार्फत’, म्हणजे मधले चित्र ओळखता आलेले, ‘वातावरणापुरते’, म्हणजे ओळखीची खूण आहे पण वचन नाही, आणि ‘संबंध नाही’. शेवटचा दर्जा द्यायला संकोच करू नये, माझ्या वहीत तोच सर्वांत जास्त वेळा आहे.

आपल्या उदाहरणाची नोंद अशी होते. शीर्षक: प्रकटीकरण १३:१८, थेट. शीर्षकगीताच्या आरंभीचे निवेदन: प्रकटीकरण १२:१२ आणि १३:१८, थेट. चित्र: शिंगे असलेली आकृती आणि आग, वातावरणापुरते, कल्पनेचा उगम चित्रकथेत. आकाशाचा निळा रंग: छपाईची चूक, संबंध नाही. एकाच अल्बमच्या चार नोंदींना तीन वेगवेगळे दर्जे मिळाले आहेत, म्हणून संपूर्ण अल्बमला एकच दर्जा देण्याचा मोह टाळावा.

तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवा आणि शेजारी तारीख घाला. पुढे मोठे स्कॅन, चित्रकाराची मुलाखत किंवा पहिली आवृत्ती हाती आली, तर सातव्या पायरीवर दुरुस्ती करत बसू नका. नवे पान घ्या आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा सुरू करा, कारण नव्या प्रतीत दिसणाऱ्या वस्तूच बहुधा वेगळ्या निघतात.